तटाआडचं बोलणं

"तट पडला! वहिनी, तट पडला!"

आत्या अंगणात उभी राहून ओरडत होती. एका हातात चिवड्याची रिकामी ताटली, दुसऱ्या हाताने दाराची कडी धरलेली. पाहुण्यांची रिक्षा नुकतीच वळणाआड गेली होती. आत्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि वर्गात कधी आवाज चढवायची नाही. साठवून ठेवलेला तो सगळा आवाज तिने त्या दुपारी एकदम काढला. सिव्हिल लाइन्समधल्या चिंचेवरचे पोपट उडाले ते थेट ओरछ्याला जाऊन बसले, आणि स्टेशनात उभी असलेली मालगाडी शिट्टीची वाट न बघता सुटली. मालगाडीचं मी थोडं वाढवून सांगतेय. पोपटांचं नाही.

शेजारच्या भैयांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, काय पडलं म्हणून. काकूंनी परात पडली असं सांगून त्यांना वाटेला लावलं.

झाशीचा खरा तट जागच्या जागी होता. त्याला काय होतंय! पडला होता तो आमच्या घरचा, आणि तो समजायला आमच्या घरचा शब्दकोश थोडा उघडावा लागेल.

आमची घराणी इथे पेशवाईत आली. कुणी पूजा सांगायला, कुणी कारकुनी करायला, कुणी तलवार घेऊन. कामं संपली, परत जायचं राहून गेलं. भोवती हिंदी आणि बुंदेलीचा समुद्र, त्यात आमची मराठी म्हणजे देवघरातल्या गडूतलं गंगाजल. वापरायचं कमी, सांभाळायचं जास्त. पण एका कामाला ती फार उपयोगी पडे. ती कुणाला कळत नसे. सदर बाजारात कापडाच्या दुकानी काकू हसऱ्या चेहऱ्याने लुगड्यावरून हात फिरवत काकांना सांगायच्या, की रंग पहिल्या धुण्यात जाणार, ह्या माणसाच्या तोंडावरच दिसतंय, उठा. मग दुकानदाराला तितक्याच गोडीने, "बहुत सुंदर है भैया, कल आते हैं." दुकानदार खूश, काकू खूश. मराठी म्हणजे आमचा तट होता. तो बरोबर घेऊन हिंडायचं, हवा तिथे उभा करायचा आणि त्याआडून वाटेल ते बोलायचं.

असा तट बाळगणाऱ्या माणसाचं एकच वाईट होतं. तट गळून पडला तरी त्याला पत्ता लागत नाही. काका एकदा पुण्याला लग्नाला गेले. पंगतीत वाढप्याने वरण वाढलं तसे काका सवयीप्रमाणे काकूंना मोठ्याने म्हणाले, की हा वरण वाढतोय का तीर्थ देतोय? अख्खी पंगत हात वाटीत ठेवून त्यांच्याकडे बघायला लागली. वाढपी चार पानं पुढे गेला होता, तो मागे आला नि म्हणाला, "तीर्थ दोनदा मागायचं नसतं." त्या लग्नातून आमच्या घरी एक साडी, एक नारळ आणि 'तट पडला' हा शब्दप्रयोग आला.

बोलताना माणूस चुकला तर बाकीच्या महाराष्ट्रात जीभ घसरली म्हणतात, तोंडातून निसटलं म्हणतात, फारच झालं तर जिभेला हाड नाही म्हणतात. तेवढ्यावर लोकांचं भागतं. आमचं भागत नसे, कारण आमच्याकडे चुकांची आवकच मोठी होती. काका रेल्वेच्या यार्डात कारकून, तेव्हा बरेचसे शब्द तिथून आले. काकांना जेवताना मीठ हवं असलं की ते समुद्रापासून सुरुवात करत. समुद्रावरून गेल्या उन्हाळ्यातल्या लोणच्यावर, लोणच्यावरून पुन्हा मागे समुद्रावर, असं पुढे-मागे होत मिठापर्यंत पोचेतो मीठ वाढणारा जेवून हात धुऊन झोपलेला असे. ह्याला 'शंटिंग'. घाबरून पहिलंच अक्षर फुटेना तर 'वाफ धरली नाही'. घरातली गुप्त गोष्ट भलत्यापुढे बोलून गेलं तर 'झाकण उडालं'. काकूंचा खास प्रकार 'हजेरी'. मला हाक मारायची तर आधी आत्याचं नाव, मग स्वतःच्या बहिणींची, मग वारलेल्या सासूबाईंचं, मग शेजारच्या शेळीचं आणि मग माझं. शेळी यादीत माझ्या आधी होती आणि हाकेलाही माझ्या आधी यायची.

आई-वडील बदलीच्या गावी होते. मी कॉलेजसाठी काका-काकूंकडे होते. मराठीत हिंदी मिसळायच्या माझ्या चुकीला म्हणत 'दोन पायांत दोन चपला'. "काकू, मी दाल परोसून ठेवलीय, पण चम्मच कुठे मिळतच नाहीये," असं मी म्हटलं की काका ताटावरून न बघता म्हणायचे, चपला बघ.

रिवाज असा होता, की ज्याची चूक झाली त्याने दोन्ही हातांनी आपले कान धरून चुकीचं नाव मोठ्याने सांगायचं, मगच पुढचा घास. काका असोत की काकू, सूट कुणालाच नाही. रविवारी तर अशी पाळी यायची की चारही माणसं कान धरून बसलेली आणि वाढायला हातच शिल्लक नाही.

तर असं हे हसतं-खेळतं घर, आणि त्यात आत्याचं लग्न ठरत नव्हतं. पुण्याकडची स्थळं झाशीचं नाव ऐकून इटारसीलाच गाडीतून उतरायची. झाशीतल्या मराठी घरांत जी मुलं होती ती सगळी कुठून ना कुठून आत्याचे भाऊ लागत. शेवटी आत्याने स्वतःच ठरवलं. शाळेशेजारच्या मुलांच्या कॉलेजात रसायन शिकवणारा, मऊरानीपुरच्या धान्यवाल्यांचा मुलगा. शांत, उंच, शिकलेला, हिंदीभाषी. काकांचा मुलावर राग नव्हता. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. घरात मराठी आधीच औषधापुरती उरलीय, ही त्या घरात गेली की हिची मुलं आपल्याशी कशात बोलणार? आत्याचं उत्तर ठरलेलं. तिने एवढंच सांगितलं होतं की लग्न करीन तर इथेच, नाहीतर भूगोल आहेच. आणि मुलाने तिला सांगितलं होतं की वडील धान्यमंडीतल्या दुकानाच्या गल्ल्यावरून उठत नाहीत, घरात शब्द आईचा. आई हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर तो आईला मोडून काही करणार नाही.

ती आई त्या दुपारी मुलाबरोबर आमच्याकडे आली होती.

डोक्यावरून पदर घेतलेली, गोरी, भरगच्च बाई. भरगच्च हा माझा शब्द. काकूंनी दारातच, वेताच्या खुर्चीकडे हात करत, अगदी मधाळ हसून मला मराठीत सांगितलं, की ह्यांना इथे बसवू नकोस, वेत सुटेल. आणि पाहुणीला, "आइए बहनजी, बैठिए." बहनजींनी खुर्चीकडे एकदा पाहिलं, तिला वळसा घातला आणि लाकडी तख्तावर बसल्या. आम्हाला वाटलं, साधी बाई आहे, गावाकडची सवय असेल.

आत्या आत चहा करत होती, तिला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. बाहेर आम्ही तट उभा केला आणि त्याआड बिनघोर झालो. काका मुलाकडे कौतुकाने बघत काकूंना म्हणाले, कान बघितलेस का, दोन सुपं आहेत, बहिणीला माझ्या पंखा घ्यायला नको. मुलाने नम्रपणे मान झुकवली. आई मात्र वळून मुलाचे कान नीट बघत राहिली, आधी एक, मग दुसरा. मी चिवड्याच्या ताटल्या घेऊन आले, तशी काकूंनी मला बजावलं, की बेसनाच्या लाडवांचा डबा फडताळातच राहू दे. आधी चिवडा, होकार द्यायचा ठरला तर लाडू. पाहुणीने चिवडा खाता खाता फडताळाकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. काकू मला म्हणाल्या, भिंतीला ओल आलीय ती दिसली वाटतं बाईला.

मग काकांनी काकूंना शांतपणे बेत सांगितला. नाही म्हणायचं, पण गोडीत. पत्रिका जुळत नाही सांगू, कुणाला राग येत नाही. एवढं ठरवून ते हिंदीत वळले आणि आपल्या पद्धतीने लांबून सुरुवात केली. आज ऊन फार आहे, म्हणाले. उन्हावरून सूर्यावर, सूर्यावरून ग्रहांवर आणि ग्रहांवरून पत्रिकेवर, असा त्यांचा मार्ग आखलेला होता. ते अजून उन्हातच होते, तेवढ्यात पाहुणीने कप खाली ठेवला.

"पत्री हम लोग नहीं मिलाते," ती म्हणाली.

काकांचं ऊन जागच्या जागी मावळलं. तरीही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तटाआडचा माणूस असा असतो. तोफेचा गोळा पायाशी येऊन पडला तरी तो म्हणतो, कुणाचं तरी कलिंगड घरंगळत आलं.

निघताना पाहुणीने आत्याची हनुवटी दोन बोटांनी धरली, तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बरं बाई, येते मी."

"या हं," काकू म्हणाल्या. मीही म्हणाले. काका तर हात जोडून, सावकाश जा, असंही म्हणाले. रिक्षा हलली, कोपऱ्यावर गेली, वळली, आणि मग ते 'येते मी' एकेकाच्या डोक्यात पोचायला लागलं. सगळ्यांत आधी आत्याच्या. पुढचं मी सांगितलंच आहे. पोपट, मालगाडी, परात.

घरात आल्यावर चौकशी बसली. आत्याने एकेकाला विचारलं, तुम्ही काय बोललात? काकूंनी कान धरून खुर्ची सांगितली, मग लाडू सांगितले, मग भिंतीची ओल. काकांनी कान धरून कान सांगितले. पत्रिकेवर येताना ते शंटिंगला लागले, तेव्हा आत्याने त्यांना थांबवलं. ती हसत नव्हती. आमच्या घरात कान धरलेल्या माणसांकडे बघून न हसणारं माणूस मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

"दादा, तुम्हाला तो नको होता तर मला मराठीत सांगायचं. तिला कशाला सांगितलंत?"

आणि ती आत जाऊन मुलींच्या वह्या तपासत बसली. काका बाहेर अंगणात फेऱ्या घालायला लागले. त्यांनी इतक्या फेऱ्या घातल्या की अंगणात पायवाट पडली, पुढे कित्येक वर्षं तिथे तुळससुद्धा धरली नाही. शेवटी ते आत येऊन काकूंना म्हणाले, रविवारी मऊरानीपुरला जायचं. माफी मागायची. होकार-नकाराचं नंतर बघू, पण माफीचं देणं आपण लागतो.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. मला आत्याने हेर म्हणून पाठवलं होतं. तिकडे कोण काय बोललं ते शब्दन्‌शब्द आणून द्यायचं, आणि तेही चपला न घालता. काकूंच्या मांडीवर पदराखाली काहीतरी गोल, टणक होतं. काकांनी विचारलं, डबा कशाला? काकू म्हणाल्या, वाटेत भूक लागली तर. पण ओरछा गेलं, बरुआसागरला गाडीत आल्याच्या टोपल्या चढल्या, काकांनी भूक लागल्याचं दोनदा सुचवलं, तरी काकूंनी पदर हलवला नाही. काका मग खिडकीकडे तोंड करून माफीची तयारी करू लागले. सुरुवात त्यांनी भारताच्या एकतेपासून केली. निवाडी आलं तेव्हा ते हिमालयातून खाली उतरत होते. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला वाटलं की हे निवडणुकीला उभे आहेत. उतरताना तो आशीर्वाद देऊन गेला.

मऊरानीपुरला घर मंडीच्या गल्लीतच होतं. खाली दुकान, पोती, धुळीचा गोड वास. मुलाचे वडील गल्ल्यावर होते, त्यांनी वर बोट दाखवलं आणि पुन्हा हिशेबात गेले. वर गच्चीलगतच्या खोलीत मुलाची आई सुपात गहू पाखडत बसली होती. आम्हाला पाहून तिने सूप खाली ठेवलं, चटई झटकली, पाणी दिलं. खुर्ची तिथेही होती. काकू तिच्याकडे न बघता चटईवर बसल्या.

काका उभेच राहिले. त्यांनी तोंड उघडलं, आणि वाफच धरली नाही. मग एकदम सुटले ते अशा वेगाने की हिमालय, एकता, अतिथी, संस्कृती असं सगळं एकमेकांवर आदळलं. हिंदीत सुरू केलेलं वाक्य मराठीत शिरलं, मराठीतलं बाहेर पडायला वाट शोधत हिंदीत परतलं. "हमारा उद्देश, बाई, तसा नव्हता, कानों के बारे में तो मैंने, म्हणजे सूप ही आमच्याकडे शुभ वस्तू मानते हैं…" इथे त्यांचं लक्ष तिच्या पुढ्यातल्या सुपाकडे गेलं आणि ते थांबले. माझ्यासारख्या जन्मजात दोन चपलावालीलाही त्यांची कीव आली. काकू मदतीला धावल्या, तर त्यांची हजेरी सुरू झाली. त्या बाईला हाक मारायला म्हणून त्यांनी पहिलं नाव घेतलं ते शेळीचं.

बाई सगळं ऐकत होती. ओठांच्या कडा जरा हलल्यासारख्या वाटल्या, पण ते पदरामुळेही असेल. दोघांचा दम संपला तेव्हा ती बोलली. आमच्यासारखी जपून, झाकून ठेवलेली मराठी नव्हे. ऐसपैस, उन्हात वाढलेली.

"माहेर माझं अकोल्याचं. तिथंच शाळेत गेली. लगन होऊन इकडं आली, मग मराठी बोलाले कोणीच नाही. पोराले हिंदीतच वाढवलं, मले मराठी येते हे त्याले माहीतही नाही. तुमच्या घरी बसली, तर तिघं जण मराठीत बोलत. इतक्या वर्षांनी कानावर पडत होती. मधात बोलली असती, तर तुम्ही चूप झाले असते."

खाली दुकानात कुणीतरी पोतं टाकलं, तो धप्पकन आवाज वर आला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, त्यामुळे डबा उघडा पडला, म्हणून त्यांनी घाईने तो पुन्हा झाकला. काका तिच्याकडे बघत होते. घरातली मराठी संपेल म्हणून ह्या माणसाने बहिणीचं लग्न अडवलं होतं, आणि इथे त्यांच्या पुतणीपेक्षा चांगली मराठी गव्हाच्या पोत्यांवर, एका खोलीत, कुणी विचारत नाही म्हणून गप्प बसली होती. काका हे सगळं तिथे बोलायला लागले असते तर रात्रीची गाडीही चुकली असती. त्यांनी काकूंच्या पदराकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, समुद्रापर्यंत न जाता, सरळ होकारार्थी मान हलवली.

मग त्यांना वाटलं असावं की एवढ्याने होत नाही; चूक झाली तर आपल्याकडे रिवाज आहे. ते त्या परक्या घरात, डोक्यावरची टोपी सरळ करून, दोन्ही हातांनी आपले कान धरून उभे राहिले. पिकलेले केस, कोट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. काकूंनी बसल्या जागी कान धरले. दोघांना बघून मीही धरले. मी त्या दुपारी फक्त ताटल्या आणल्या होत्या, पण एकटीने मोकळ्या कानांनी उभं राहणं बरं दिसेना.

"तट पडला," काका म्हणाले. आणि आमचा शब्दकोश इथे कुणाला ठाऊक नाही हे लक्षात येऊन ते समजावून सांगायला लागले, की बाई, ह्याचा अर्थ असा, पेशवाईत जेव्हा आमचे पूर्वज प्रथम इकडे आले…

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "लाडू आणले काय?"